निदान व्हायचंय, तोवर कसं जगायचं?

ताई,
मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय ३३, मुलगी सात वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी उजवा डोळा हलवला की आतून ठणकायला लागला आणि चार दिवसांत त्या डोळ्यापुढे धूर पसरल्यासारखं झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नसेला सूज आहे म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं, मग गोळ्या. नजर बरीचशी परत आली. पण एमआरआयमध्ये मेंदूत दोन पांढरे डाग निघाले. डॉक्टर म्हणाले, ‘मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजे एमएसची सुरुवात असू शकते, नसूही शकते. रक्ताचा एक रिपोर्ट यायचाय. पाठीतलं पाणी तपासलं तर बरं. तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू.’ बी-बाराही कमी निघालं, आमचं घर माळकरी आहे.
तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. फळ्यावर लाल खडूनं लिहिते आणि एकेक डोळा झाकून रंग बघते. गरम पाण्यानं आंघोळ केली की पुन्हा धूसर दिसतं आणि वाटतं, आलं परत. रात्री तीनला उठून मोबाइलवर वाचत बसते. मिस्टर म्हणतात, ‘पॉझिटिव्ह राहा, काही होत नाही.’ पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, असं सासूबाईंचं म्हणणं. दुसऱ्या बाळाचा विचार चालला होता, तो सोडून द्यावा का? बदलीचा फॉर्म भरायचाय, त्यात आजाराचं कारण देऊन शहराजवळची शाळा मागू का? असेल तर असेल म्हणावं, नसेल तर नसेल. हे अधांतरी लटकणं सहन होत नाही.
– एक शिक्षिका

बाई,

आधी आंघोळीचं सांगते, कारण त्या भीतीतून तुम्ही रोज सकाळी जाताय आणि तिचं उत्तर सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. नसेला सूज येऊन गेली की तिच्यावरचं मायलिनचं आवरण काही ठिकाणी विरळ होतं. अशा नसेतून संदेश जातो, पण जेमतेम. अंगाचं तापमान थोडं वाढलं तरी तो अडखळतो आणि अंग निवलं की पुन्हा सुरळीत होतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० साली हे नोंदवून ठेवलं. त्यांच्या रुग्णांना अंगमेहनत केली की धूसर दिसायचं आणि विश्रांती घेतली की नजर परत यायची. यात नसेला नवी इजा होत नाही. तेव्हा आंघोळीला कोमट पाणी घ्या, उन्हाच्या वेळी शाळेत जाता-येताना डोक्यावर ओला पंचा किंवा ओढणी असू द्या, आणि अंग निवल्यावर नजर पूर्ववत झाली तर तो विषय तिथेच सोडा. पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला, त्यांना ही माहिती उपयोगी पडते.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. मेंदूच्या आजारांचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं यांच्याशी बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यातून जे कळलं ते लिहिते आहे. औषधोपचाराबाबत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

‘आलं परत’ हे कधी म्हणायचं, याचा न्यूरॉलॉजिस्टांचा एक नियम आहे आणि तो तुम्हाला माहीत असायला हवा. लक्षण नवं असावं किंवा जुनं ठळकपणे वाढलेलं असावं, ते कमीत कमी २४ तास टिकावं, आणि त्या वेळी ताप किंवा जंतुसंसर्ग नसावा. लघवीला जळजळ असेल तर आधी लघवी तपासून घ्या, कारण जंतुसंसर्गातही जुनी लक्षणं डोकं वर काढतात. क्षणभर मुंगी आली, पापणी फडफडली, बोट बधिर होऊन पाच मिनिटांत मोकळं झालं, तर त्याला झटका, म्हणजे आजाराचा नवा हल्ला, म्हणत नाहीत. पण काही गोष्टींना २४ तास मोजत बसायचं नाही: एखाद्या डोळ्याची नजर झपाट्यानं जाणं, पायातलं बळ जाणं, लघवी अडणं, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटून खाली बधिरपणा उतरणं, उलट्या किंवा उचकी दिवसभर न थांबणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. हे सगळं एका वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मिस्टरांना वाचून दाखवा. म्हणजे रात्री तीन वाजता ‘जायचं की थांबायचं’ हे एकट्या तुम्हाला ठरवावं लागणार नाही.

आता त्या अधांतरीपणाबद्दल. डॉक्टर काही लपवत असतील अशी शंका पत्रातून जाणवते. मला तसं वाटत नाही. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनच्या आवरणावर उलटते. साखर मोजली आणि मधुमेह ठरला, अशी एकच एक तपासणी त्याला नाही. पॅरिसमध्ये शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ साली या आजाराचं चित्र पहिल्यांदा नीट मांडलं. आजही त्याच्या निदानाचा गाभा असा की मेंदू, मज्जारज्जू किंवा डोळ्याच्या नसेत एकाहून अधिक जागी आणि एकाहून अधिक वेळी इजा झाली आहे हे दाखवता यावं, आणि दुसऱ्या कुठल्या आजारानं तिचा उलगडा होत नसावा. ‘एकाहून अधिक वेळी’ हे ठरवायला पूर्वी दुसऱ्या झटक्याची वाट पाहावी लागे, कधी वर्षानुवर्षं. २००१ साली एमएसच्या निदानाचे मॅकडॉनल्ड निकष आले आणि नंतरच्या एमआरआयमध्ये नवा डाग दिसला तरी तो पुरावा धरला जाऊ लागला. २०१७ च्या सुधारणेनंतर पाठीतल्या पाण्यातल्या विशिष्ट प्रथिनांच्या पट्ट्याही त्या पुराव्याच्या जागी चालतात. अगदी ताज्या सुधारणेत तर डोळ्याची नसही इजेच्या जागांमध्ये मोजली जाते. तुम्हाला दिलेले तीन महिने म्हणजे टाळाटाळ नाही. पहिल्या आणि दुसऱ्या एमआरआयमधला काळ हा तपासणीचाच भाग आहे, त्याच्याशिवाय ती पुरी होत नाही.

आणि घाईनं काय बिघडतं तेही ऐका. तुमचा जो रक्ताचा रिपोर्ट यायचाय तो बहुधा अॅक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडींचा असेल. डोळ्याची नस सुजवणारे, वरवर एमएससारखेच दिसणारे आजार या अँटिबॉडींवरून ओळखता येतात. त्यातल्या एनएमओ नावाच्या आजारात एमएसची काही औषधं दिली तर तो उलट बळावतो. २००४ च्या आधी रक्त तपासून हे दोन आजार वेगळे काढण्याची सोयच नव्हती. शिवाय पांढरे डाग अर्धशिशीच्या रुग्णांच्या मेंदूतही दिसतात, रक्तदाबानंही पडतात. कुणाच्या मागे एमएसचा चुकीचा शिक्का लागला की तो पुसायला फार त्रास होतो, आणि मधल्या काळात नको ती औषधं पोटात गेलेली असतात. म्हणून ‘असू शकते, नसूही शकते’ असं तोंडावर सांगणारे डॉक्टर मला भरवशाचे वाटतात.

पाठीतलं पाणी तपासायचं का? माझं मत विचाराल तर हो. तुमची खरी तक्रार वाट पाहण्याची आहे आणि ही तपासणी ती वाट कमी करू शकते. ‘यातून काय निघालं तर तुम्ही काय बदलाल?’ हे डॉक्टरांना सरळ विचारा, आणि पट्ट्या सापडल्या नाहीत म्हणून एमएस नाहीच असं ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा. सासूबाईंची भीती खेडोपाडी ऐकू येते. मला वाटतं, पूर्वी ही तपासणी मेंदूज्वराच्या अत्यवस्थ रुग्णांवर व्हायची, त्यातली काही माणसं आजारानं अपंग झाली आणि दोष सुईला लागला. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून घालतात. तिथे मज्जारज्जू नसतोच, पाण्यात मोकळे सुटलेले नसांचे धागे असतात आणि ते सुईला बाजूला सरकतात. जागा बधिर करून अर्ध्या तासात होणारं काम आहे. काहींचं नंतर चार-दोन दिवस डोकं दुखतं, बसलं की जास्त आणि आडवं झालं की कमी. तसं झालं तर पडून राहावं, पाणी-पेज घ्यावी आणि थांबलं नाही तर डॉक्टरांना सांगावं. सासूबाईंशी घरी वाद घालू नका. त्यांना दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांच्या टेबलावर मणक्याचा सांगाडा बहुतेक वेळा असतो, त्यावर सुईची जागा त्यांना दाखवायला सांगा. त्यांच्या ‘नको’मागे तुमची काळजीच आहे, ती उत्तरावर शांत होऊ शकते.

बी-बाराची इंजेक्शनं पुरी घ्या, मधेच सोडू नका. त्याच्या कमतरतेनंही डोळ्याची नस आणि मज्जारज्जू बिघडतो, हातापायांना मुंग्या येतात. फक्त सगळी आशा तिथे ठेवू नका. बी-बारामुळे नजर जाते तेव्हा ती सहसा दोन्ही डोळ्यांची, हळूहळू आणि न दुखता जाते. तुमचं तसं झालेलं नाही.

रात्रीच्या वाचनात एक आकडा तुमच्या नजरेखालून गेला असणार, तो इथेच समोर ठेवते. डोळ्याच्या नसेच्या सुजेवर अमेरिकेत १९८८ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. ज्यांच्या पहिल्या एमआरआयमध्ये एक तरी डाग होता, त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांना पंधरा वर्षांत एमएस झाला. ज्यांना डाग नव्हता त्यांच्यात हे प्रमाण २५ टक्के होतं. डागांमुळे शक्यता वाढते हे खरं आहे, मी ते सौम्य करून सांगणार नाही. पण डाग असूनही पंधरा वर्षांत शंभरातल्या अठ्ठावीस जणांना एमएस झाला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. तो सुरू झाला तेव्हा एनएमओ रक्तातून ओळखता येत नव्हता आणि एमएसवर एकही खास औषध नव्हतं. पहिलं, बीटा इंटरफेरॉन, अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झालं. आज गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, सहा महिन्यांतून एकदा घ्यायची सलाइनं आहेत. आजार त्यांनी मुळातून जात नाही, पण झटके कमी होतात आणि लवकर सुरुवात केली तर फायदा जास्त होतो. नेटवरचे व्हीलचेअरचे फोटो बघून तुम्ही जे भविष्य ठरवलंय ते काहींच्या वाट्याला आजही येतं, सगळ्यांच्या येत नाही. त्यापेक्षा मला दुसरीच धास्ती वाटते. नजर आता बरी आहे म्हणून परीक्षा, पेपर, लग्नसराई यांत ती एमआरआयची तारीख पुढे जायला नको.

तुमची झोप. स्टेरॉइडनं झोप उडते, उगाच रडू येतं, जीव कावराबावरा होतो, आणि गोळ्या कमी करत आणतानाही काही दिवस हे चालतं. म्हणजे तुम्ही खचलात यात थोडा वाटा औषधाचाही असेल. त्या गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांनी आखून दिल्या तशाच उतरवत न्या. ‘असेल तर असेल म्हणावं’ असं तुम्हाला वाटणं अगदी साहजिक आहे. लंडनमध्ये काही संशोधकांनी लोकांच्या हाताला विजेचे हलके झटके देऊन पाहिलं होतं, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. झटका नक्की बसणार हे ठाऊक असलेल्यांपेक्षा ‘बसेल किंवा नाही बसणार, निम्मी-निम्मी शक्यता’ अशा वेळी माणसं जास्त ताणात होती. त्या निम्म्या-निम्म्याच्या जागी तुम्ही दोन महिने उभ्या आहात. तिथे दमायला होणारच, त्यात तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही.

लाल खडूचं मात्र थांबवा. रंग फिका दिसणं हे डोळ्याच्या नसेच्या सुजेचं खरंच लक्षण आहे आणि नजर सुधारली तरी रंग मागाहून परततात, म्हणजे तुम्ही बघताय ते चूक नाही. पण दर तासाला बघितलं की घटकाभर सुटल्यासारखं वाटतं आणि पुन्हा बघायची ओढ आधीपेक्षा वाढते. वर्गातली मुलंही बघत असतील, बाई एक डोळा झाकून फळ्याकडे का बघतात म्हणून. रविवारी सकाळी, एकाच खिडकीपाशी, एकदाच बघा, एकच लाल वस्तू ठरवून घ्या, आणि तारीख घालून एक ओळ लिहा. मधल्या सहा दिवसांत मन त्याकडे धावलं तर ‘रविवारी’ एवढंच त्याला सांगा. पहिला आठवडा जड जाईल. ही वही पुढच्या भेटीत न्या, डॉक्टरांना ती ‘मधूनमधून धूसर होतं’ या वाक्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगेल. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. वाचायचंच असेल तर दिवसा, आणि प्रश्न पडला की तो वहीत उतरवून वाचन बंद करा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते आणि निदान झालेल्यांना तिचा फार आधार होतो. पण निदानाआधी रुग्णांच्या ग्रुपमध्ये शिरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तिथलं प्रत्येक लक्षण तुम्हाला रात्री आपलं वाटू लागेल.

एवढं करूनही आणखी दोन आठवडे झोप आली नाही, शाळेत उभं राहवेना, किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्याच घडीला बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.

मिस्टरांच्या ‘काही होत नाही’नं तुमचं बोलणं तिथेच तुटतं. तेही घाबरलेले आहेत आणि त्यांना हे एकच वाक्य सापडलंय. त्यांना सांगा, ‘मला धीर नको, दहा मिनिटं नुसतं ऐका.’ आणि एक काम द्या: फाइल त्यांच्याकडे सोपवा. पहिल्या एमआरआयची सीडी आणि फिल्म, सलाइनचं डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, सगळं तारीखवार. पुढचा एमआरआय शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर व्हावा हे त्यांनी बघायचं, म्हणजे दोन्हींची तुलना नीट होते. बिलंही जपून ठेवा, वैद्यकीय प्रतिपूर्तीला लागतील. भेटीच्या वेळी तुम्ही बोला, त्यांनी लिहून घ्यावं. घाबरलेल्या माणसाच्या कानावर निम्मंच पडतं, म्हणून दोघं हवेत.

नातेवाईक आणि स्टाफरूम यांना एकच वाक्य पुरे: ‘डोळ्याच्या नसेला सूज होती, उतरली, पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे.’ एमएसचं नाव घ्यायची आत्ता गरज नाही. ते एकदा गावात फिरलं की निदान होवो न होवो, तुमच्यामागे राहील. मुलीला ‘आईचा डोळा आजारी होता, औषधानं बरा होतोय’ एवढं सांगा. ती तुम्हाला रात्री उठलेली बघत असेल, न सांगण्यानं ती जास्त भिते. सासूबाई दृष्ट काढत असतील तर काढू द्या. काढे, भस्मं, कुणी सुचवलेल्या पुड्या मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

बाळाचा विचार सोडू नका. एमएस निघाला तरी तेवढ्यानं आई होण्याचं दार बंद होत नाही. या आजारात गरोदरपणी, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत त्यांचा धोका वाढतो, म्हणून आखणी लागते. काही औषधं दिवस राहण्याआधी बरेच दिवस बंद ठेवावी लागतात. तेव्हा कुठलंही औषध सुरू होण्यापूर्वी ‘आम्हाला दुसरं मूल हवंय’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. पुढचा एमआरआय होईपर्यंत थांबणं बरं, कारण डाग ताजा की जुना हे बघायला जे इंजेक्शन देतात ते गरोदरपणात टाळतात. निर्णय तेवढाच पुढे ढकलायचा आहे.

राहिला बदलीचा फॉर्म. आजाराच्या कारणानं, बदलीत प्राधान्य मिळणाऱ्या विशेष संवर्गातून अर्ज करायचा तर वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ‘असू शकतं, नसूही शकतं’ याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही, आणि देणारा भेटला तरी घेऊ नका. निदान झालंच तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या यादीत एमएसचं नाव आहे आणि पुढच्या फेरीत त्या आधारे काय करता येईल ते तेव्हा बघता येईल. या वेळी साध्या नियमांनी भरा आणि पसंतीक्रम लावताना हा डोळा झालाच नसता तर कुठली गावं मागितली असतीत, तीच मागा. मुलीची शाळा, मिस्टरांचं काम, जाण्या-येण्याचा रस्ता एवढंच बघा. न्यूरॉलॉजिस्टकडे वर्षातून दोन-चार वेळा जावं लागेल, शाळेत रोज जायचंय. मुदत संपायच्या आत भरून टाका, आणि एमआरआय झाला की जे निघेल ते मला कळवा.